न झोपलेली चिठ्ठी

१

बुधवारी सकाळी सात वाजता चारशे सतरा नंबरच्या ट्रेलरखाली रक्ताचं डबकं दिसलं. रात्रभरात ते वाळून काळं पडलं होतं आणि त्यावर माश्यांची जत्रा भरली होती. आधी सगळ्यांना वाटलं, आत मांसाचा माल सडलाय. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चारशे सतरा सोमवारपासून रिकामा उभा आहे.

बुल्मारोने, म्हणजे फाटकावरच्या रखवालदाराने, लांब दांड्याची कात्री आणून दारावरचं निळं सील तोडलं. बोटाएवढ्या जाडीचं ते लोखंड कडकन् तुटलं, दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी वाफ आली. सीमेवरच्या लारेदोचा जुलै तसाही माणसाला जिवंतपणी शिजवतो. आत एव्हारिस्तो पेन्या पडला होता. यार्डातली कुठली गाडी कुणी न्यायची हे वीस वर्षं ठरवणारा माणूस. त्याच्या डोक्याची डावी बाजू आत गेली होती. मास्क वर सरकून डोळ्यांवर आला होता. मारणाऱ्याला ते डोळे बघवले नसावेत.

"येशू, मारिया..." म्हणून बुल्मारो चाकाला धरून ओकला.

कागदपत्रं सांभाळणारी कासिल्दा त्रेविन्यो मात्र ओकली नाही. वय अठ्ठावन्न, या यार्डात बावीस वर्षं. सगळे तिला मानाने दोन्या कासिल्दा म्हणत आणि पाठीमागे 'रबरी शिक्का'. तिने हातातली न्याहारीची पुरचुंडी खाली ठेवली, छातीवर क्रूस काढला आणि डोळ्यांनी मोजदाद सुरू केली. एक माणूस. एक टॉमी, टायर खोलायची, टोकाला केस चिकटलेले. पुढे-मागे उभे बत्तीस ट्रेलर, सगळ्यांवर पिवळी सिलं. इथे रिकाम्या ट्रेलरलाही सील लागायचं, नाहीतर आत माणसं शिरून पूल ओलांडायची.

"आज आठ वाजता हा ट्रेलर पुलापलीकडे जायचा होता," ती बुल्मारोला म्हणाली. "रक्त फळ्यांतून गळलं नसतं, तर एव्हारिस्तो पलीकडे गेला असता आणि तिथल्या उन्हात कुठे सापडला असता, देव जाणे. कोण नेणार होतं?"

बुल्मारोने तोंड पुसलं. त्याला उत्तर माहीत होतं, आणि तिलाही.

"यादीत अजून तुमच्या चेमाचंच नाव आहे, दोन्या."

२

चेमा लोसानो तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. तिशीचा, गोरापान, तोंडाने फटकळ, आणि लहानपणापासून दम्याचा. पुलावरून ट्रेलर अलीकडे-पलीकडे ओढणाऱ्या चाळीस ड्रायव्हरांपैकी एक. मार्चपासून साथीमुळे सगळ्या जगाला सीमेवरचा पूल बंद होता. पलीकडची आई अलीकडच्या लेकाला भेटू शकत नव्हती, पण मोटारीचे सुटे भाग आणि टोमॅटो मात्र जात होते. म्हणून पूलवाल्यांची छाती फुगली होती. आम्ही टोमॅटोच्या बरोबरीचे, असं ते म्हणत.

अट एकच. कारखान्यांना दर आठवड्याला ड्रायव्हरच्या तपासणीचा कागद लागायचा: लागण नाही. लागण असली तर चौदा दिवस घरी.

सोमवारी एव्हारिस्तोने सगळ्यांदेखत चेमाचा कागद नाकारला होता. "हा कागद मला पटत नाही. घरी बस."

"तुझ्या बापाचं काय जातं?" म्हणत चेमाने त्याला एक ठोसा लावला होता. सबंध यार्डाने तो पाहिला होता.

त्यामुळे नऊ वाजता चेमा आपली गाडी परत मागायला फाटकातून आत आला, तेव्हा ड्रायव्हर त्याची वाटच पाहत होते. कुणी विचारलं नाही, कुणी ऐकलं नाही. पहिली लाथ पोटात बसली, दुसरी तोंडावर. खाली पडल्यावर कुणीतरी बुटाच्या टाचेने त्याच्या उजव्या हाताची बोटं चिरडली. हाडं मोडल्याचा आवाज कासिल्दाला खिडकीत ऐकू आला. तिने आग विझवायचं लाल नळकांडं उचललं आणि घोळक्यावर पांढरा फवारा सोडला.

"सहा फूट!" ती ओरडली. "सहा फुटांवर, मूर्खांनो! मारायचंय तर अंतर ठेवून मारा!"

त्यातही दोघे हसले. घोळका फुटला. चेमा रक्त थुंकत, शिट्टीसारखा श्वास ओढत पडला होता. पोलिसांचा साएन्स तेवढ्यात आला आणि त्याने चेमाला हातकडीने ऑफिसातल्या खुर्चीला जोडून टाकलं.

साएन्स खोकत नव्हता, पण दमलेला होता. त्या महिन्यात लारेदोत सगळेच प्रेतं उचलून दमलेले होते. "डॉक्टर म्हणतो, काल दुपारी दोनच्या सुमाराला मारलं. सील कुणी लावलं?"

"त्याची चिठ्ठी असते," मागून आवाज आला. "फाइलमध्ये आहे. हे बघा."

लेआंद्रो व्हियारेयाल. मालकाचा मुलगा. त्याचे वडील, म्हातारे नसारियो, महिनाभर हॉस्पिटलात नळीवर होते आणि धंदा लेआंद्रो सान आंतोनियोहून, घरबसल्या फोनवर चालवत होता. साडेसातला कळवल्यावर तो अडीच तासांत येऊन पोचला होता. इस्त्रीचा शर्ट, शर्टाला शोभणारा मास्क. त्याने चिठ्ठी साएन्सपुढे धरली. ट्रेलर चारशे सतरा. सील नंबर. मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. सील घेणारा: चेमा लोसानो. सील देणारा: खाली बुल्मारोची वळणदार सही.

"मी काल सील घेतलंच नाही!" चेमा ओरडला. "मावशी, सांग ना यांना! मी काल घरी होतो, गाडीच नव्हती मला!"

साएन्सने चिठ्ठी कासिल्दापुढे ठेवली. "तुम्ही बावीस वर्षं हे कागद पाहताय. ही बरोबर आहे का?"

तिने पाहिली. प्रत्येक रकाना भरलेला. नंबर जुळणारे. सही जागच्या जागी. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, निदान कागदाच्या बाबतीत.

"चिठ्ठी बरोबर आहे," ती म्हणाली.

चेमाने तिच्याकडे असं पाहिलं, की बोटं मोडताना त्याला एवढं दुखलं नसेल.

"साडेपाचला तुरुंगाची गाडी येईल," साएन्स म्हणाला. "दोन्या, त्याचं पंपाचं औषध बरोबर द्या. आत शंभर जणांना लागण झालीय."

३

दम्याच्या माणसाला त्या तुरुंगात टाकणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि पोराला तिथे पाठवणारा शिक्का तिनेच मारला होता.

ती एव्हारिस्तोच्या खोपटात गेली. खिळ्याला त्याची गवती टोपी लटकत होती. एव्हारिस्तोचा कपाटांवर विश्वास नव्हता. जे जपायचं ते तो टोपीच्या अस्तरात ठेवायचा. तिने अस्तर उसवलं. आत चार तपासणीचे कागद निघाले. चौघांनाही लागण नाही. एक चेमाचा. दोन दुसऱ्या ड्रायव्हरांचे. चौथ्यावर नाव होतं तिनो पेन्या.

तिनो म्हणजे एव्हारिस्तोचा धाकटा भाऊ. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, पुलावरच्या रांगेत, गाडीच्या केबिनमध्ये श्वास कोंडून मेला होता. मागच्या गाड्या तासभर भोंगे वाजवत होत्या. त्याच्या खिशातही 'लागण नाही' असाच कागद निघाला होता.

आणि हा कागद होता नंतरच्या सोमवारचा. मेलेल्या माणसाची तपासणी झाली होती आणि तो ठणठणीत निघाला होता.

"यादीवरून छापलेत," ती स्वतःशी म्हणाली. कुणीतरी तपासणीशिवायच दर सोमवारी चाळीस नावांचे कागद काढत होतं, गाड्या थांबू नयेत म्हणून. एव्हारिस्तोला ते कळलं होतं.

ती आधी बुल्मारोच्या काचेपाशी गेली. एप्रिलपासून तो काचेमागेच बसायचा. समोर एक ड्रायव्हर उभा राहून स्वतःच्या पेनाने चिठ्ठी भरत होता.

"लवकर लिही रे," बुल्मारो आतून म्हणाला, "कादंबरी नाहीये ती."

"तुझं नाव लांबलचक आहे, त्याला मी काय करू?" ड्रायव्हर म्हणाला, चिठ्ठी पेटीच्या फटीत टाकून गेला.

कासिल्दाने तिनोचा कागद काचेला लावला. बुल्मारोचा चेहरा उतरला.

"मला यात ओढू नका, दोन्या. मला तीन पोरं आहेत. कागद दाखवला की मी फाटक उघडतो, एवढंच माझं काम."

"हे कुणी छापले?"

"एव्हारिस्तोच्या कॉम्प्युटरवर यायचे. कुठून यायचे, ते त्यालाच माहीत."

"आणि चेमाची चिठ्ठी?"

"ती मला कुणी दाखवलीच नाही." त्याने मान खाली घातली. "काल त्याला सील दिलं का, आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही."

माणूस घाबरला होता. खुनी घाबरतो तसा, की पोरं असलेला घाबरतो तसा, हे मास्कमुळे कळेना.

मग ती वर लेआंद्रोच्या खोलीत गेली. तिथे सगळ्यावर चार महिन्यांची धूळ होती. तो खुर्ची पुसून बसला होता.

"तपासणीचे कागद? ते डॉक्टरांकडून येतात, मी फक्त पुढे पाठवतो," तो म्हणाला. "दोन्या, मार्चपासून मी या यार्डात पाय ठेवलेला नाही. आज पहिल्यांदा येतोय. इथे काय चालतं, हे मला कसं कळणार? बुल्मारोला विचारा. फाटकावर कोण कुणाकडून काय घेतं, हे बाबांनाही कधी कळलं नाही." मग आवाज मऊ करून, "तुमच्या भाच्यासाठी वकील मी देईन. कागद माझ्याकडे ठेवून जा."

"साएन्सला दाखवते आधी," ती म्हणाली.

चाळीस पावलांचं अंतर होतं. ट्रेलरांच्या दोन रांगांमधून वाट होती. ती मधोमध आली असताना मागे खडीवर बूट वाजला. ती वळली, म्हणूनच वाचली. लोखंड डोक्याऐवजी खांद्यावर बसलं. हाड कचकन् मोडलं, ती तोंडावर आपटली. टोपी, काळा मास्क, हातमोजे: त्या यार्डातल्या पन्नास जणांपैकी कुणीही. त्याने तिच्या मुठीतले कागद ओढले, आणखी एक तडाखा बरगडीत घातला आणि तो चाकांमागे नाहीसा झाला.

कासिल्दा खडी चावत पडून राहिली. तिनोचा कागद तिने आधीच चोळीत घातला होता. बावीस वर्षांत तिने मूळ प्रत कधी हातात घेऊन फिरवली नव्हती.

४

"चेमाची मावशी म्हणून एखाद्या ड्रायव्हरने मारलं असेल," साएन्स म्हणाला. तिच्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधली होती. "हा मेलेल्या माणसाचा कागद भारी आहे, मान्य. पण त्याने एवढंच कळतं, की कुणाला तरी एव्हारिस्तोचं तोंड बंद करायचं होतं. चिठ्ठी तर तुमच्या भाच्याचंच नाव सांगते. ती बरोबर आहे असं तुम्हीच म्हणालात."

पाच वाजले. चेमा खुर्चीत वाकून श्वास मोजत होता. कासिल्दाला काही सुचेना, म्हणून ती रोज पाच वाजता जे करायची तेच करू लागली: एका हाताने 'मंगळवार' लिहिलेली लाकडी पेटी उघडली.

एप्रिलमध्ये कुणी तरी सांगितलं होतं की विषाणू कागदावर दिवसभर जगतो. तेव्हापासून यार्डातला प्रत्येक कागद आधी पेटीत एक दिवस झोपायचा आणि दुसऱ्या दिवशी पाचला उठून फाइलमध्ये जायचा. ड्रायव्हर तिला चिडवत, "दोन्या, कागदांचा ताप बघितला का?" ती म्हणे, "तुमच्यापेक्षा शहाणे आहेत, खोकत नाहीत." विषाणूचं ते खरं की खोटं हे नंतर कुणी विचारलं नाही. सवय पडली होती.

तिने चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. मंगळवारी दिलेल्या सिलांच्या अकरा. ड्रायव्हरांची अकरा वाकडी अक्षरं. एक, दोन, तीन... आठव्या चिठ्ठीवर तिचा हात थांबला.

ती हळूच म्हणाली, "अरे रबरी शिक्क्या."

"काय?" साएन्सने विचारलं.

"मी मला म्हणतेय." ती उठली, कण्हली, परत बसली. "साएन्स, गाडी दहा मिनिटं थांबवा. आणि बुल्मारोला, लेआंद्रोला आणि बाहेरच्या कुठल्याही एका ड्रायव्हरला बोलवा. सांगा, पोलिसांना अक्षराचा नमुना हवाय."

५

चौघांपुढे तिने एकेक कोरी चिठ्ठी ठेवली. चेमाला डाव्या हाताने लिहावं लागणार होतं.

"काल दुपारी सील घेतलं असतं तर भरली असती, तशी भरा. काही विचारू नका. झाली की जिथे द्यायची तिथे द्या."

बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरने दोन मिनिटांत भरली आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "पेटी कुठाय?" चेमाची डाव्या हाताची कोंबड्याच्या पायांसारखी चिठ्ठी झाली आणि त्यानेही हनुवटीने पेटीच दाखवली. बुल्मारोची त्यांच्या मागोमाग गेली.

लेआंद्रो सावकाश लिहीत होता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून एकेक अक्षर सुटं, छापील काढत होता. त्यात तो इतका रमला, की बाकीचे काय करताहेत ते त्याने पाहिलंच नाही. शेवटी त्याने चिठ्ठी बुल्मारोपुढे सरकवली.

"कर सही."

बुल्मारो त्याच्याकडे बघत राहिला. "कसली सही?"

"सील देणाऱ्याची! खाली, रेघेवर." मग कासिल्दाकडे वळून, "मग फाइलला लावायची ना? फाइल कुठाय?"

 बाहेरच्या ड्रायव्हरला तेवढ्यात फुसकन् हसू आलं.

"ए साहेब," तो म्हणाला, "कोणत्या जमान्यात राहता?"

कासिल्दाने पेटीतल्या तिन्ही चिठ्ठ्या साएन्सपुढे मांडल्या. शेजारी मंगळवारच्या अकरा. चौदाच्या चौदांवर रेघेवर ड्रायव्हरनेच रखवालदाराचं नाव लिहिलेलं होतं आणि पुढे सी-एकोणीस.

"एप्रिलपासून बुल्मारोने एकही सही केलेली नाही," ती म्हणाली. "काचेतून हात बाहेर काढत नाही तो. ड्रायव्हर त्याचं नाव लिहितो, पुढे सी-एकोणीस लिहितो, म्हणजे कोविड-एकोणीस, आजारामुळे सही नाही. चेमाने खून केला असता, तर त्याच्या चिठ्ठीवरही तेच असतं. बुल्मारोने केला असता, तरी तेच. या यार्डात चार महिने घाम गाळलेल्या कुणाच्याही हातून त्या रेघेवर सही पडली नसती. आणि मंगळवारची चिठ्ठी बुधवारी सकाळी फाइलमध्ये सापडलीच नसती. ती पेटीत झोपलेली असती."

तिने श्वास घेतला. बरगडी टोचत होती.

"मला ती बरोबर दिसली, कारण बावीस वर्षं मी सह्याच पाहिल्यात. फार बरोबर होती ती, साएन्स. मार्चमधली चिठ्ठी होती, जुलैची तारीख घातलेली. ती अशा माणसाने लिहिली, ज्याला यार्ड मार्चपर्यंतच माहीत आहे. ज्याला तिनो मेलेला कळला नाही, आणि ज्याने त्याच्या नावाचाही कागद काढला. सीलही बघा. मे महिन्यात निळी संपली, तेव्हापासून पिवळी येतात. निळ्यांचा एक डबा राहिला, वरच्या खोलीत, कुलपात."

"मी काल सान आंतोनियोत होतो," लेआंद्रो म्हणाला. आवाज अजून मऊच होता. "मार्चपासून मी इथे—"

"तेच तर म्हणतेय मी, बाळा."

तो उठला तो खुर्ची उलथवूनच. भिंतीला टेकवलेली सील तोडायची कात्री त्याच्या हाताला लागली. पहिला तडाखा बुल्मारोच्या जबड्यावर बसला; दात टेबलावर उडाले. साएन्सचा हात पिस्तुलाकडे गेला, तसा दुसरा तडाखा त्याच्या मनगटावर.

"आठवडाभर गाड्या थांबल्या असत्या तर यार्ड बुडालं असतं!" तो किंचाळत होता. "तो हरामखोर आज आरोग्य खात्यात जाणार होता! एका भावासाठी!"

चेमाने हातकडीसकट खुर्ची उचलून स्वतःला त्याच्या गुडघ्यांवर झोकून दिलं. दोघे कोसळले. कात्री चेमाच्या डोक्यावर उगारली गेली, आणि कासिल्दाने चांगल्या हाताने टेबलावरचा हात धुवायच्या औषधाचा मोठा बुधला उचलून तो सगळा लेआंद्रोच्या उघड्या डोळ्यांत ओतला.

तो ओरडला, तो आवाज पुलावरच्या रांगेपर्यंत गेला म्हणतात. साएन्सने डाव्या हाताने त्याला पालथा दाबला. वरच्या खोलीतल्या कुलूपबंद खणात निळ्या सिलांचा डबा निघाला. ओळीने नंबर होते, मधला एक नव्हता. त्याच्या गाडीच्या डिकीत काळा मास्क आणि एक दुसरी टॉमी होती. दुसऱ्या ड्रायव्हरांचे दोन आणि चेमाचा एक कागद टॉमीला गुंडाळलेले होते.

तुरुंगाची गाडी साडेपाचला आली ती वेळेवरच. फक्त माणूस बदलला.

६

डॉक्टरची वाट बघत मावशी-भाचे पायरीवर बसले. चेमाच्या मांडीवर सुजलेला हात होता, तिचा खांदा गळ्यात बांधलेला. दोघांचे मिळून दोन धड हात.

"चिठ्ठी बरोबर आहे म्हणालीस," चेमा म्हणाला.

"म्हणाले."

"मी लहानपणी तुझे न्याहारीचे टाको चोरले, तेव्हासुद्धा तू इतक्या पटकन पोलिसाला नाव सांगितलं नव्हतंस."

"तेव्हा चिठ्ठी नव्हती."

तो हसला आणि हसण्याने खोकला. ती त्याच्या खोकल्याकडे कान लावून बसली. मग मंगळवारच्या पेटीत काही राहिलं का ते बघावं, म्हणून तिने ती जवळ ओढली. तळाला एक घडी केलेला कागद चिकटला होता. अक्षर एव्हारिस्तोचं. मंगळवार, दुपारी एक. म्हणजे मरायच्या तासभर आधीचा.

तिने मोठ्याने वाचलं: "दोन्या, चेमाला चौदा दिवस गाडी देऊ नका. त्याची खरी तपासणी झालेली नाही आणि त्याचा श्वास मला ऐकवत नाही. तिनोचा असाच वाजत होता. मला मारलं म्हणून रागावलोय असं त्याला वाटू दे, चालेल." खाली रेघेवर, सवयीने, सी-एकोणीस.

सकाळपासून तो कागद तिच्यापासून तीस पावलांवर पेटीत झोपला होता. तिने सकाळीच पेटी उघडली असती, तर निदान चेमाची बोटं वाचली असती.

 "मी त्याला बापावरून बोललो," चेमा शेवटी म्हणाला.

कासिल्दाने मार्चपासून कुणाला हात लावला नव्हता. तिने धड हाताने त्याची मान धरली, आपल्याकडे ओढली, मग लगेच ढकलून दिली.

"ऊठ. आधी खरी तपासणी. मग चौदा दिवस माझ्या मागच्या खोलीत." तिने एव्हारिस्तोचा कागद सरळ केला, फाइलला न लावता चोळीत ठेवला. "गाडी नाही. त्याने लिहून दिलंय."